ताम्हणाखालचा पिकअप

"वहिनी, ही बोलूनच नाही राहिली," मनोहर म्हणाला. काउंटरवर दोन सिलिंग फॅन उघडे पडले होते. ते त्यानं बाजूला सारले आणि त्यांच्या जागी लाल रंगाची इलेक्ट्रिक गिटार आडवी केली, दवाखान्यात पेशंट निजवतात तशी.

त्याच्या मागे गुलाबराव मास्तर उभे. मास्तरांचा ऑर्केस्ट्रा होता, लग्नात, गणपतीत सिनेमाची गाणी वाजवायचे. मनोहर त्यांच्याकडे गिटारवर. मी स्टूल पुढे केलं, पण मास्तर काही बसले नाहीत.

"बाई, रविवारी हिंगण्याले प्रोग्राम आहे. कंपनीचं गॅदरिंग. गिटार बोलली तर ठीक, नाही तर मी जबलपूरचा माणूस बोलावून राहिलो. अन् तो एकदा आला की परत जात नसतो, हे मी याले सांगून ठेवलं."

"अन् ती कंपनी माह्यीच आहे, वहिनी," मनोहर रडकुंडीला येऊन म्हणाला. "मी तिथंच शिफ्टले जातो. स्टेजवर जबलपूरवाला अन् मी खाली सतरंजीवर! सगळं डिपार्टमेंट हसन मले."

तो बुधवार होता.

आमचं दुकान इतवारीत, मोटर रिवाइंडिंगचं. म्हणजे जळालेल्या मोटरीतली तांब्याची वायर उकलून काढायची आणि तेवढेच वेढे नव्या वायरचे भरायचे. पंखे, कुलरचे पंप, विहिरीवरच्या मोटरी, आटाचक्क्या. बोर्डावर नाव आमच्या ह्यांचं, गुंडाळायचं काम माझं. मी कुठल्या शाळेत शिकले नाही. लग्नानंतर दोन वर्षं नुसती उकलत होते. उकलताना मोजायचं, मोजलेलं पाटीवर लिहायचं. तिसऱ्या वर्षी गुंडाळायला लागले. मग ह्यांनी काउंटर सांभाळला, कारण गिऱ्हाइकाशी गोड बोलावं लागतं आणि माझं बोलणं एकदा सुरू झालं की गिऱ्हाईक मोटर विसरून घरी जायचं.

गिटार मात्र मी जन्मात उघडली नव्हती. पण मनोहर आम्हाला घरच्यासारखा, आणि "येत नाही" म्हणायची मला सवय नाही. हे म्हणाले, "गिटारीत कुठं मोटर असते वं?" मी म्हटलं, "कॉइल तर असन ना? जिथं कॉइल तिथं मी."

कॉइल होतीच. गिटारीच्या तारांखाली दोन चपट्या पट्ट्या बसवलेल्या असतात, त्यांना पिकअप म्हणतात. एक गळ्याकडे, त्याचा आवाज जाड आणि गोड. दुसरा खाली, त्याचा आवाज टोकदार. प्रत्येकात सहा तारांसाठी सहा चुंबकं, त्यांची चकचकीत टोकं वर रांगेनं दिसतात. चुंबकांभोवती केसापेक्षा बारीक वायरचे हजारो वेढे. वर लोखंडी तार थरथरली की खाली कॉइलमध्ये चिमूटभर वीज तयार होते, ती अँप्लिफायरमध्ये जाते आणि मांडवात सगळे नाचायला लागतात. एवढंच.

मी मीटर लावला. काटा हललाच नाही. दोन्ही पिकअप ओपन, म्हणजे आत वायर कुठंतरी तुटली आहे. उघडून पाहिलं तर वायर हिरवी पडलेली, आतला पुठ्ठा फुगलेला आणि कोपऱ्याकोपऱ्यात लाल भुकटी.

"गंज," मी मोठ्या डॉक्टरसारखं सांगितलं. "तू हिले ओलाव्यात ठेवतोस."

"नाही वहिनी! कपाटात ठेवतो. मायच्या लुगड्यांत गुंडाळून."

"मग लुगडी ओली असतीन."

मनोहर मोठा गरीब माणूस. पस्तिशीचा झाला होता, घरी तो आणि त्याची आई, दोघंच. आईसमोर आणि माझ्यासमोर तो सारखाच गप्प बसायचा.

आता नवे पिकअप आणायचे कुठून? सीताबर्डीतल्या वाद्यांच्या दुकानदारानं सांगितलं, कलकत्त्याहून मागवावे लागतील, महिना लागेल. आमच्याकडे होते चार दिवस. मी म्हटलं, निवड करू. पण निवडायला समोर जे होतं ते ऐका.

पहिलं आलं कबाड्याकडून, जुन्या टेलिफोनचं कानाला लावायचं टोक. त्यातही चुंबक आणि कॉइल असतेच. मी वरची पत्र्याची चकती काढली, उरलेलं तारांखाली बसवलं आणि त्याची वायर आमच्या जुन्या वाल्वच्या रेडिओला मागून जोडली. त्या रेडिओला ग्रामोफोन लावायची जागा असायची, तिथं काहीही लावलं की मोठ्यानं वाजायचं. गुरुवारी सकाळी मनोहरनं पहिली तार छेडली.

आवाज आला. पण असा आला, की गिटार भुसावळला आहे आणि तिथून ट्रंक कॉल लावून बोलते आहे. वरून दुकानातल्या तीन चालू मोटरींची घरघरही त्या टोकानं ओढून घेतली.

ह्यांनी रेडिओकडे तोंड केलं आणि ओरडले, "हॅलो! हॅलो! जोरानं बोला, ऐकू नाही येऊन राहिलं!"

मनोहरला हसू आलं नाही. मला आलं, पण मी ते पदरात दाबलं.

दुसरं आलं आमच्या शेजारच्या रेडिओवाल्याकडून, रेकॉर्ड प्लेअरच्या सुईमागचा क्रिस्टल. हा चुंबकावर चालत नाही. जे थरथरेल त्याचा आवाज करतो. लाकडाला मेणानं चिकटवला की झालं. मला तर ही निवड फारच आवडली. तारा लोखंडाच्या असोत की पितळेच्या, याला काही फरक नाही. शुक्रवारी सकाळी चिकटवला. त्याच दिवशी दुरुस्तीला आलेला एक भोंगा दुकानात होता. ह्यांनी हौसेनं तो रेडिओला जोडला आणि तोंड रस्त्याकडे केलं. म्हणाले, "इतवारीले ऐकू दे."

मनोहर गिटार पोटाशी धरून बसला. मी बटण दाबलं. त्यानं अजून तारेला हात लावला नव्हता, तरी भोंग्यातून आवाज आला. "गुर्रर्र... घुडुक. गुर्रर्रर्र."

आम्ही तिघंही थिजलो. पुन्हा आला. या वेळी लांबलचक, शेवटी शिट्टीसारखा.

काउंटरवर एक शेतकरी पंपाची मोटर घेऊन उभे होते. त्यांनी मान हलवली. "वहिनी, या मोटरीचं बेरिंग गेलं. हिले आधी ग्रीस द्या."

"मनोहर," मी विचारलं, "सकाळी काय खाल्लं रे?"

"तर्री-पोहे," तो खाली मान घालून म्हणाला. "दोन प्लेट. टेन्शन होतं ना, वहिनी."

क्रिस्टलला काय कळतंय, लाकूड थरथरलं की तो बोलतो, मग ते तारेनं थरथरो की तर्रीनं. मनोहरच्या शर्टाची बटणंही वाजली. त्यानं अंगठी हलवली ती वाजली. नुसता उसासा टाकला तरी भोंगा उसासे टाकायचा. शेतकरी निघेपर्यंत पाहत होते, बहुतेक ग्रीस कुठून घालतात ते बघायला.

मग राहिली तिसरी निवड, जी मी पहिल्या दिवशीच करायला हवी होती. आपणच गुंडाळायचा.

जुन्या पिकअपमधली चुंबकं चांगली होती, ती काढून घेतली. मोटरींना लावतात तो फायबरचा कागद कापून नवा सांगाडा केला. प्रश्न वायरचा. वायरच्या जाडीला आम्ही गेज म्हणतो, आणि गंमत अशी की नंबर जितका मोठा तितकी वायर बारीक. आमच्या दुकानातली बारीक वायरसुद्धा या कामाला दोरखंडासारखी. पुन्हा रेडिओवाल्याकडे गेले आणि त्याच्याकडची सगळ्यांत बारीक गुंडी मागून आणली. ती वायर जमिनीवर पडली तर दिसायची नाही, श्वास जोरात सोडला तर तुटायची.

आमच्या गुंडाळायच्या यंत्रावर ती तीनदा तुटली. मग मी घरून शिवणयंत्र आणलं. शिवणयंत्रात बॉबिन भरायची एक छोटी चकरी असते. तिच्यावर सांगाडा बसवला. हँडल एकदा फिरवलं की चकरी सतरा वेळा फिरते, हे मी आधी मोजून घेतलं होतं. मला हवे होते आठ हजारांच्या आसपास वेढे, म्हणजे हँडल पावणेपाचशे वेळा फिरवायचं. शंभर झाले की वालाचा एक दाणा बाजूला ठेवायचा.

तीनशे अठ्ठावीसला ह्यांनी पडद्यातून डोकं घातलं. "चहा करतेस का वं?"

मी मान हलवली नाही, डोळेही हलवले नाहीत. तीनशे एकोणतीस.

"दोनच कप. साखर कमी."

तीनशे... मेला कितवा होता तो? मी अंदाजानं पुढे गेले. त्यामुळे त्या पिकअपला नक्की किती वेढे होते हे मला आजही सांगता येणार नाही. एकदा चहाची तलफ आलेली असताना जितके होतात तितके.

पण बोलला! शुक्रवारी संध्याकाळी रेडिओला लावला आणि असा स्वच्छ बोलला, की ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. वायर एकाच पिकअपपुरती होती म्हणून गळ्याकडचा नवा केला. खालच्या जागी त्या मेलेल्या पिकअपचं रिकामं खोकं परत बसवलं, दिसायला. मनोहरनं गिटारीला कपाळ लावलं, मग माझ्या पाया पडायला वाकला. मी म्हटलं, "पाया नको पडू, घरी जा, पोट सांभाळ."

शनिवारी सकाळी दुकान उघडतो तर तो पायरीवर बसलेला. मांडीवर गिटार.

"वहिनी, बोलून नाही राहिली."

मी मीटर लावला. ओपन. माझ्या हातून गुंडाळलेली कॉइल एका रात्रीत मेली! आजवर माझी मोटर वर्षाच्या आत परत आली नव्हती. मला खरंच रडू यायचं बाकी होतं. उघडलं तर आत पुन्हा तीच लाल भुकटी.

"एका रात्रीत गंज?" हे वाकून बघत म्हणाले.

"मग काय आहे हे? लाल आहे, भुकटी आहे, गंजच आहे."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुह्या कपाळावर काय आहे मग? तिथंही गंज आहे का?"

मी बोट फिरवलं, वास घेतला. कुंकू! आणि चुंबकांच्या मधोमध तांदळाचा अख्खा दाणा. वीस वर्षं रोज सकाळी कुंकू लावणारी मी बाई, पण मोटरीत लाल दिसलं की गंज, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं, की अक्षतेचा दाणा समोर येईपर्यंत ओळखलं नाही.

"मनोहर," मी म्हटलं, "घरी चल."

त्याची आई महालात राहायची. बुटकी, गोरी, हसरी बाई. दारातच म्हणाली, "बस वं पोरी, चहा टाकतो."

"मावशी, गिटारीले कुंकू तुम्ही लावता?"

"मग कोण लावन? याची बायको? ती तर याले अजून भेटूनच नाही राहिली."

"कधी लावता?"

"प्रत्येक प्रोग्रामाच्या आधी. त्यावर चांदीचे सहा-सहा ठिपके आहेत ना ओळीनं? ते कोरे कसे ठेवू? आधी पाण्याचा हात, मग हळद, मग कुंकू, मग अक्षता. काल तर नवीन बसवून आणलं, म्हणून दुधाचा चमचा बी घातला. अन् मग पदरानं चांगलं खसाखसा पुसलं."

खसाखसा म्हणताना त्यांनी हातानं करून दाखवलं. श्वासानं तुटणारी ती वायर!

"काहून नाही सांगितलं मले?" मी मनोहरवर ओरडले.

"तुम्ही ओलाव्याचं विचारलं, वहिनी. पूजेचं कुठं विचारलं?"

खरं होतं त्याचं. हळद-कुंकवाच्या पाण्याला तो ओलावा समजतच नव्हता. त्याच्या लेखी ओलावा म्हणजे पावसाचा.

"मावशी," मी समजुतीनं म्हटलं, "त्यात विजेचं काम असते. पाणी चालत नाही. नुसतं दुरून ओवाळा ना."

मावशी चहाचं भांडं घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "दुरून? माह्या पाटल्या देऊन घेतली ती गिटार. पाटल्या काय मी दुरून दिल्या? पूजा नाही तर वाजवणं नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "अन् पोरी, कुहीच्या आमच्या वावरातल्या मोटरीत तुह्याच हातची वायर आहे ना? ती दोनदा विहिरीत बुडाली. मेली का? नाही मेली. अन् याले चमचाभर दूध सहन होत नाही? मग कच्चं काम कोणाचं?"

मनोहरनं डोळे मिटून घेतले. मी मात्र उठून उभी राहिले. राग आला म्हणून नाही. बाई बरोबर बोलत होती. चार दिवस मी पिकअप निवडत होते तो कसा वाजतो ते पाहून. निवडायला हवा होता तो बुडतो की नाही हे पाहून. आणि पाण्यात जगणारी कॉइल हेच तर माझं रोजचं काम!

"मावशी, पूजा करा," मी म्हटलं. "कितीही करा. फक्त वायर जोडायच्या आधी करायची, अन् कोरडं पुसून मगच जोडायची. ओल्या अंगानं वीज खेळवायची नाही. एवढं एक माह्यं ऐका."

"ऐकलं," मावशी म्हणाल्या.

"अन् पितळेचं काही जुनं आहे का घरात?"

वर झाकण लागणार होतं. डब्याचा पत्रा चालत नाही. तो लोखंडाचा, चुंबकाला तोच चिकटतो आणि तारांची थरथर खालपर्यंत पोचू देत नाही. पितळ मधे आलं तरी चुंबकाला ते नसल्यासारखंच. मावशींनी देवघरातून एक जुनं ताम्हण काढून दिलं, कडेला चीर गेलेलं. पूजेत देवावर पाणी घालतात ते ज्यात पडतं तेच ताम्हण. म्हणाल्या, "याले पाण्याची सवय आहे."

दुपारभर दुकानाचं अर्धं शटर ओढून बसले. रेडिओवाल्याकडून दुसरी गुंडी. पावणेपाचशे फेऱ्या. ह्यांना आधीच चहाचा थर्मास भरून दिला होता. मग मेणबत्त्या एका डब्यात, तो डबा गरम पाण्याच्या भांड्यात, भांडं स्टोव्हवर. मेण पातळ झालं की कॉइल त्यात बुडवायची. आत अडकलेल्या हवेचे बुडबुडे येतात. ते थांबले की समजायचं, आता आत पाण्याला जागा उरली नाही.

ह्यांनी वाकून डब्यात पाहिलं. "आज जेवायले काय आहे?"

"मेण," मी म्हटलं. हे उठून बाहेर गेले आणि पोहे खाऊन आले.

मेणावर कापडी फीत, फितीवर मोटरीचं व्हार्निश. ताम्हणाच्या बुडाचा तुकडा कापून वर झाकण बसवलं, कडा मेणानं बंद केल्या. मावशींसाठी झाकणावर खिळ्यानं सहा बारीक खुणा केल्या, नाही तर त्यांचा हिशेब चुकला असता. मग पंपाच्या मोटरीची करतो तशी परीक्षा घेतली. पिकअप पाण्याच्या बादलीत टाकला आणि तासभर दुसऱ्या कामाला लागले. काढला, मीटर लावला. काटा जिथं हवा तिथं. मनोहर तोंडात बोट घालून उभा होता.

"हे गिटारीचं आहे, वहिनी, की बोअरवेलचं?"

"दोन्हीचं," मी म्हटलं.

रविवारी संध्याकाळी मी आणि हे, दोघंही हिंगण्याला गेलो. कंपनीच्या पटांगणात मांडव, समोर सतरंज्या, पुढच्या खुर्च्यांवर साहेब लोक. मास्तर काळ्या कोटात, घामानं निथळत. स्टेजच्या मागे मावशी तबक घेऊन बसल्या होत्या. मी मनोहरला विचारलं, "वायर काढलेली आहे ना?" त्यानं हातातलं टोक दाखवलं. मग मावशींनी पाण्याचा तांब्याच उचलला. आता मोकळीक मिळाली होती ना. सरळ धार.

मास्तर पाठमोरे होते ते वळले. "अहो माय! काय करून राहिल्या! वाजवायचं आहे ते, आंघोळ नाही घालायची!"

"आंघोळच आहे," मावशी म्हणाल्या. दूध घातलं. हळद, कुंकू, बारा ठिपके, कारण खालचा मेलेला पिकअपही त्यांच्या मते उपाशी ठेवणं बरं नव्हतं. अक्षता टाकल्या. मग पदरानं खसाखसा पुसलं. मास्तरांकडे पाहून म्हणाल्या, "तुमच्या पेटीले बी लावू का?"

मास्तरांनी दोन्ही हात पसरून आपल्या हार्मोनियमवर अंग टाकलं. "बाई," ते माझ्याकडे बघून ओरडले, "मी त्याच वेळी जबलपूरले तार करायले पाहिजे होती!"

मी गिटार हातात घेतली. कोरडी आहे का हे तळहातानं सगळीकडून चाचपलं, खाचेतला एक तांदूळ नखानं काढला आणि मनोहरला म्हटलं, "आता जोड."

त्यानं जोडली. अँप्लिफायरचा लाल दिवा लागला. मास्तर हार्मोनियमवरून उठले नव्हते. पटांगणात त्याच्या डिपार्टमेंटची पोरं ओरडत होती, "मनोहरभाऊ, होऊ द्या!" त्यानं माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि तार छेडली.

बोलली. आवाज काही कलकत्त्याच्या पिकअपसारखा नव्हता, हे मी कबूल करते. जरा जाडसर, तोंडात पान धरून कोणी गावं तसा. पण मोठा आणि भरलेला, आणि अँप्लिफायर कितीही वाढवला तरी शिट्टी मारत नव्हता. मागाहून एका जाणत्या माणसानं सांगितलं, की पिकअप मेणात बुडवला की शिट्टी बंद होते, बाहेरचे लोकही तसंच करतात. मला कुठं ठाऊक होतं! मी तो बुडवला होता दुधाच्या चमच्यासाठी.

तिसऱ्या गाण्याला साहेब लोकांनी वन्स मोअर मागितलं. मास्तरांनी घाम पुसला आणि मला म्हणाले, "आवाज जाड आहे."

"जबलपूरचा बारीक असन," मी म्हटलं.

त्यानंतर जबलपूरचं नाव निघालं नाही. मनोहर त्या ऑर्केस्ट्रात पुढं म्हातारपणी बोटं दुखायला लागेपर्यंत वाजवत होता. तो पिकअप एकदाही दुरुस्तीला आला नाही. झाकण तेवढं दर दसऱ्याला चिंचेनं घासावं लागे, ते मावशी स्वतः घासत.

मी मात्र यातून एवढं शिकले, की नवा भाग कोणता घालायचा हे ठरवण्याआधी जुना कशानं गेला हे विचारावं, आणि ज्याचं यंत्र आहे त्याला न विचारता त्याच्या घरच्यांना विचारावं. त्या दिवसापासून दुकानात काहीही आलं, पंखा असो, पंप असो, आटाचक्की असो, की गिऱ्हाइकाला माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "घरी याची पूजा कोण करतं?" माणूस गोंधळायचा, हे कपाळाला हात लावायचे. पण "बायको" असं उत्तर आलं की मी व्हार्निशचा एक हात जास्त द्यायची, आणि "आई" आलं की दोन.